बुद्धीचे वकीलपत्र

२२ जुलै १९०८ च्या रात्री मुंबई हायकोर्टात लोकमान्य टिळकांवरील राजद्रोहाच्या खटल्याचा निकाल लागला. ज्यूरीत नऊ असामी होते. पैकी सात युरोपियन व दोन पारशी. सात जणांनी आरोपी दोषी असल्याचे सांगितले, दोघांनी निर्दोष असल्याचे सांगितले. कोणते सात व कोणते दोन, हे आमच्या वाचकांस सांगावयास नकोच. त्यापूर्वी अकरा वर्षे, म्हणजे १८९७ साली, त्याच कोर्टात त्याच आरोपीवर राजद्रोहाचाच खटला चालला होता. त्या वेळी ज्यूरीत सहा युरोपियन व तीन हिंदी गृहस्थ होते, आणि मते पडली ती सहा विरुद्ध तीन. प्रत्येक खटल्यात नऊही जणांपुढे पुरावा एकच, शपथ एकच, न्यायाधीशाचे भाषण सर्वांनी एकाच वेळी व एकाच जागी ऐकलेले. असे असता मतांची वाटणी पुराव्यावरून न होता कातडीच्या रंगावरून झाली.

ही गोष्ट आपण शंभर वर्षांहून अधिक काळ सांगत आलो, ती त्या सात युरोपियनांच्या पक्षपाताची म्हणून. पक्षपात होता ह्यात संशय नाही. मराठी लेखांतील राजद्रोह भाषांतरावरून हुडकून काढणारे ते लोक. परंतु वकिलीचा धंदा करणारास एक खोड जडलेली असते. विरुद्ध पक्षाच्या साक्षीदारास जो प्रश्न विचारून त्याने गारद केले, तोच प्रश्न आपल्या साक्षीदारास कोणी विचारला तर काय होईल, हे तो मनातल्या मनात आजमावून पाहतो. ते दोन पारशी गृहस्थ आणि १८९७ चे ते तीन हिंदी गृहस्थ केवळ पुरावा तोलून आपल्या मताप्रत आले काय? आणि आपण स्वतः? टिळक निर्दोष होते हे आमचे मत आहे व ते बदलण्याचे कारण आम्हांस दिसत नाही. पण 'केसरी'तील ते दोन लेख वाचून हे मत बनले, की लेख उघडण्यापूर्वीच ते बनून बसले होते? खरे सांगावयाचे तर लेख आम्ही मागाहून वाचले. मत बरोबर असणे ही एक गोष्ट आहे, आणि ते ज्या वाटेने आपल्याकडे आले ती वाट सरळ असणे ही दुसरी.

ही वाट कशी असते, ह्याचा छडा लावण्याचे काम गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत मानसशास्त्राने केले आहे, आणि त्याचे सार कोर्टाची पायरी चढलेल्या कोणासही सहज समजेल. बुद्धी ही आपल्या मनातील न्यायाधीश आहे, ती दोन्ही पक्षांचे ऐकते, पुरावा तोलते आणि मग निकाल देते, अशी आपली समजूत असते. मतदानाचा हक्क ज्या तत्त्वावर दिला गेला त्याच्या मुळाशीही हीच समजूत आहे. वस्तुतः राजकारणाच्या बहुतेक प्रश्नांत बुद्धी न्यायाधीशाच्या खुर्चीवर बसतच नाही. तिने कोणाचे तरी वकीलपत्र आधीच घेतलेले असते. कधी जातीचे, कधी पक्षाचे, कधी घराण्याचे वा गावाचे. अशील ठरून गेलेला असतो. राहता राहिले मुद्दे शोधण्याचे काम, आणि ते ती मोठ्या हुशारीने करते. विशेष हे की, आपण वकिली करीत आहो ह्याची तिला स्वतःला दाद नसते.

'सुधारक' पत्र १८८८ साली निघाले, त्या वेळी आगरकरांच्या पिढीचा सगळा भरवसा विवेकावर होता. अज्ञान दूर करा, मनुष्यास विचार करावयास शिकवा, म्हणजे रूढीची जळमटे आपोआप गळून पडतील, अशी त्या थोर पुरुषांची श्रद्धा होती. योगायोग असा की, ज्या १८९५ साली आगरकर वारले, त्याच साली गुस्ताव्ह ल बाँ ह्या फ्रेंच ग्रंथकाराचे जमावाच्या मानसशास्त्रावरील पुस्तक पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाले. जमावात शिरलेला मनुष्य आपली विचारशक्ती गमावतो व विकाराधीन होतो, हे त्यातील प्रतिपादन. पुस्तक युरोपभर गाजले आणि मुसोलिनीसारख्या हुकुमशहाने त्याची वाखाणणी केली. हिंदी लोक भावनाप्रधान, सबब स्वराज्यास अपात्र, असे सांगणारे गोरे अंमलदार ह्याच सुरात बोलत. म्हणजे ह्या शास्त्राचा पहिला उपयोग झाला तो 'विकार तुमचे, विचार आमचे' असे म्हणण्यासाठी! ज्या वर्षी टिळक मंडालेस गेले त्याच १९०८ साली ग्रॅहम वॉलस ह्या इंग्रज पंडिताने राजकारणातील मनुष्यस्वभावावर ग्रंथ लिहिला. हे गृहस्थ लंडनच्या निवडणुकांत स्वतः उभे राहिलेले व निवडून आलेले. त्यामुळे जमावाच्या नावाने बोटे न मोडता, सुशिक्षित मतदारही मत देताना किती थोडा विचार करतो हे त्यांनी अनुभवावरून दाखविले. आमच्या मते ह्या विषयातील शहाणपणाचा आरंभ वॉलसपासून धरावा, ल बाँपासून नव्हे.

त्यापुढील काम प्रयोगांनी झाले. अमेरिकेतील डार्टमथ व प्रिन्स्टन ह्या दोन विद्यापीठांत १९५१ च्या नोव्हेंबरात फुटबॉलचा एक सामना झाला. सामना दांडगाईचा झाला. दोन्ही बाजूंचे खेळाडू जखमी झाले, आणि मागाहून वर्तमानपत्रांत दोषारोपांचा पाऊस पडला. हॅस्टॉर्फ व कँट्रिल ह्या दोन मानसशास्त्रज्ञांनी त्या सामन्याची फिल्म दोन्ही ठिकाणच्या विद्यार्थ्यांस दाखवून नियमभंग मोजावयास सांगितले. फिल्म एकच. तरी डार्टमथच्या खेळाडूंचे जितके नियमभंग डार्टमथच्या विद्यार्थ्यांस दिसले, त्यांच्या दुपटीहून अधिक प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्यांस दिसले. ह्यांपैकी कोणी खोटे बोलत होता असे समजण्याचे कारण नाही. ज्याने दंग्याच्या खटल्यात दोन फळ्यांच्या साक्षीदारांच्या उलटतपासण्या घेतल्या आहेत, त्यास हा प्रकार नवा नाही. खोट्या साक्षीदारास उघडे पाडणे त्यामानाने सोपे असते. आपण पाहिले तेच घडले असे मनापासून मानणारा प्रामाणिक साक्षीदार हीच खरी अडचण.

येथे कोणी म्हणेल की, खेळ तो खेळ. राज्याच्या धोरणाविषयी मनुष्य अधिक जबाबदारीने विचार करीत असेल. जेफ्री कोहेन ह्या अमेरिकन संशोधकाने २००३ साली नेमके हेच तपासलेले प्रसिद्ध झाले. गरिबांस सरकारी मदत देण्याच्या दोन योजना त्याने विद्यार्थ्यांपुढे ठेवल्या. एक सढळ हाताची, दुसरी अत्यंत कंजूषपणाची. नुसती योजना वाचावयास दिली तेव्हा उदारमतवादी विद्यार्थ्यांनी सढळ योजना पसंत केली व पुराणमतवाद्यांनी कंजूष योजना पसंत केली, हे अपेक्षेप्रमाणेच झाले. परंतु ही योजना अमुक पक्षाला मान्य आहे, एवढे एक वाक्य जोडताच पारडे फिरले. आपला पक्ष कंजूष योजनेच्या मागे आहे असे कळल्यावर उदारमतवाद्यांस तीच योग्य वाटू लागली, आणि उलट बाजूसही तेच घडले. मौज पुढेच आहे. आपण योजनेचे गुणदोष पाहूनच मत दिले, पक्षाचा आपल्यावर काही परिणाम झाला नाही, असे दोन्ही बाजूंच्या विद्यार्थ्यांनी सांगितले. विरुद्ध बाजूचे लोक मात्र पक्षाच्या आज्ञेत वागतात, हेही त्यांनीच सांगितले. आपल्याकडील कोणत्याही चावडीवर अथवा क्लबात एक संध्याकाळ काढली तर ह्या शोधासाठी अमेरिकेस जाण्याचे कारण पडू नये. काल ज्या कायद्यास जुलमी म्हटले, तोच आपल्या पक्षाने सत्तेवर येऊन राबविला म्हणजे तो दूरदृष्टीचा कसा होतो, हे आपण पुष्कळदा पाहिले आहे.

आता सुशिक्षितांविषयी. आमच्या वाचकांपैकी पदवीधरांनी येथे विशेष लक्ष द्यावे अशी विनंती आहे. डॅन काहन ह्या कायद्याच्या प्राध्यापकाने व त्याच्या सहकाऱ्यांनी ११११ अमेरिकन लोकांवर केलेला एक प्रयोग २०१३ साली पुढे आला. प्रथम त्यांनी लोकांची अंकगणिताची जाण मोजली; मग आकड्यांचा एक कोठा देऊन त्यावरून निष्कर्ष काढावयास सांगितले. काहींस सांगितले की, हे आकडे पुरळावरील एका मलमाचे आहेत. ज्यांचे गणित चांगले, त्यांनी येथे बहुधा बरोबर उत्तर दिले. इतरांस तसेच आकडे देऊन सांगितले की, हे पिस्तुले बाळगण्यावरील बंदीचे आहेत; बंदीने गुन्हे वाढले की घटले ते सांगा. हा प्रश्न तिकडे पक्षाभिमानाचा. उत्तर आपल्या पक्षास सोयीचे असेल तेव्हा गणितात हुशार मनुष्यास ते चटकन सापडले. गैरसोयीचे असेल तेव्हा त्याची हुशारी कोठे गेली ते कळले नाही, आणि परिणामी हुशार लोकांत पक्षभेद अल्पशिक्षितांपेक्षाही अधिक निघाला! निःपक्षपातासाठी हेही सांगितले पाहिजे की, इतरांनी हा प्रयोग पुन्हा केला तेव्हा हा शेवटचा भाग सर्वत्र तितका ठळक आला नाही. तो सोडून दिला तरी शिक्षणाने पक्षपात जातो, असे म्हणावयास ह्या प्रयोगांत आधार सापडत नाही. शिक्षणाने वकील अधिक तरबेज होतो, एवढेच फार तर म्हणता येईल. ज्या सुधारकांनी साक्षरतेवर सगळी मदार ठेवली, त्यांच्या वारसांनी ही गोष्ट मनास लावून घेण्यासारखी आहे. आम्हीही त्याच वारसांपैकी आहो.

गट लहान असो की मोठा, खरा असो की लटका, मन त्याला चिकटण्यास किती उत्सुक असते ते ताजफेल ह्यांच्या १९७० च्या प्रयोगाने दाखविले आहे. हे ज्यू गृहस्थ मूळचे पोलंडचे; नाझींच्या संहारात त्यांचे कुटुंब गेले. ब्रिस्टलच्या शाळकरी मुलांचे त्यांनी दोन गट पाडले, तेही कोणास कोणत्या चित्रकाराची चित्रे आवडली असल्या क्षुल्लक बहाण्यावर. मुलांस आपल्या गटात कोण आहे हे माहीत नव्हते, स्वतःचा फायदाही नव्हता. तरी पैसे वाटताना त्यांनी आपल्या गटाकडे हात झुकता ठेवला. इतकेच नव्हे, तर आपल्या गटास थोडे कमी मिळाले तरी चालेल, पण दुसऱ्यापेक्षा अधिक मिळावे, अशी वाटणी पुष्कळांनी पसंत केली. चित्रांच्या आवडीवरून घटकाभरात पाडलेल्या गटाची ही कथा. जन्मापासून पानात, पंगतीत व लग्नात पाळल्या जाणाऱ्या जातीची काय असेल, ह्याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

ह्या शास्त्रात आपल्या देशाचाही एक महत्त्वाचा वाटा आहे, आणि तो फार थोड्यांस ठाऊक आहे. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारात भयंकर भूकंप झाला. त्यानंतर उठलेल्या कंड्या जमुना प्रसाद ह्या संशोधकाने गोळा केल्या व १९३५ साली त्यांवर निबंध प्रसिद्ध केला. जेथे धक्के जाणवले परंतु नासधूस झाली नाही, अशा भागांत आणखी मोठे अरिष्ट येणार, अमुक दिवशी प्रलय होणार, अशा बातम्या पसरल्या होत्या. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फेस्टिंगर ह्यांस हा निबंध सापडला तेव्हा त्यांस कोडे पडले : घाबरलेला मनुष्य आपली भीती वाढविणारी बातमी खरी का मानील? पुढे १९५७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या सिद्धांतात त्यांनी ह्याचा उलगडा केला. भीती आधीच मनात भरलेली होती. डोळ्यांसमोर मात्र तिला साजेसे काही पडलेले नव्हते. बातमीने भीती निर्माण केली नाही, भीतीने बातमी निर्माण केली. दुर्गानंद सिन्हा ह्यांनी दार्जिलिंगच्या दरडी कोसळण्याच्या उत्पातानंतर अशीच पाहणी केली, ती १९५२ साली छापली गेली. तेथे घरेदारे प्रत्यक्ष पडली होती, आणि तेथे येऊ घातलेल्या प्रलयाच्या कंड्या आढळल्या नाहीत. भीतीस कारण समोरच होते. ते शोधण्याची गरज राहिली नव्हती.

ह्या निबंधांचे मोल काय, ते १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे जे घडले त्यावरून कळावे. मुले पळविणारी टोळी फिरत आहे अशी हूल मोबाइलवरून सर्वत्र उठली होती. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी, सोलापूर जिल्ह्याकडील, बाजाराच्या दिवशी तेथे आले. जमावाने त्यांस ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून ठार मारले. त्या वेळी अफवांवर विश्वास ठेवू नका असे फलक लागले, पोलिसांनी आवाहने केली. ते योग्यच होते. पण अफवा खोटी आहे असे सांगितल्याने अर्धेच काम होते. परक्या भटक्या मनुष्याविषयीचा संशय त्या मोबाइलहून फार जुना आहे. एका काळी इंग्रज सरकारने अशा कित्येक जमातींस जन्मतः गुन्हेगार ठरविण्याचा कायदा १८७१ साली केला होता. तो स्वतंत्र हिंदुस्थानात १९५२ साली रद्द झाला. कायदा गेला, मनातील नोंद राहिली. त्या नोंदीस पुरावा हवा होता, तो कोणीतरी मोबाइलवर पाठविला.

तर मग, मनुष्य असा आहे, तेव्हा लोकशाही कशास पाहिजे, असे ल बाँच्या शिष्यांस म्हणावयास फावेल. त्यांस आमचा प्रतिप्रश्न असा की, हुकुमशहा मनुष्य नव्हे काय? त्याच्या बुद्धीने कोणाचेच वकीलपत्र घेतलेले नसते काय? मनाचा हा दोष सर्वांस सारखाच असल्यामुळे त्याच्या आधारे एकाने दुसऱ्यावर राज्य करण्याचा हक्क सिद्ध होत नाही. सिद्ध होते ते इतकेच की, मनावर विसंबून न राहता व्यवस्था बांधली पाहिजे. आणि हे कायद्याला फार पूर्वी उमगले आहे. न्यायाधीश साधू असतो असे कायद्याने कधीच गृहीत धरले नाही. स्वतःच्या दाव्यात त्याने बसू नये हा नियम त्यामुळेच झाला. ऐकीव गोष्ट पुराव्यात घेऊ नये, पोलिसांपुढील कबुलीजबाब आरोपीविरुद्ध वापरू नये, दुसऱ्या बाजूस उलटतपासणीची संधी द्यावी, ही १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यातील तत्त्वे २०२३ च्या नव्या अधिनियमातही कायम राहिली आहेत. हे सर्व मनुष्याच्या मनावरील अविश्वासाचेच नियम होत. कोर्टात जे आपण एका खुनाच्या खटल्यासाठी आवश्यक मानतो, ते कोट्यवधी लोकांच्या मतदानासाठी अनावश्यक कसे?

व्यवस्थेने मन पालटते ह्याचा पुरावाही आहे. पश्चिम बंगालमध्ये १९९८ पासून ग्रामपंचायतींच्या प्रधानपदांपैकी एक तृतीयांश पदे स्त्रियांसाठी राखून ठेवण्यात आली, व कोणती पदे राखावयाची हे यदृच्छेने ठरत असे. बीरभूम जिल्ह्यातील गावांत संशोधकांनी एकच भाषण कोठे पुरुषाच्या व कोठे स्त्रीच्या आवाजात ऐकविले आणि हा पुढारी कसा वाटतो ते विचारले. जेथे स्त्री प्रधान कधीच झाली नव्हती तेथील पुरुषांनी तेच भाषण स्त्रीच्या तोंडून ऐकल्यावर कमी लेखले. जेथे राखीव जागेमुळे स्त्रीने कारभार केला होता, तेथे हा फरक उरला नाही. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या ह्या पाहणीत एक गोष्ट मात्र कबूल केलेली आहे : पुढारी पुरुषच असावा ही आवड तेथेही मावळली नव्हती. आवड राहिली, पण स्त्रीस कारभार जमत नाही हा समज गेला. आणि दोन वेळा आरक्षण झालेल्या गावांत पुढे खुल्या जागांवरही स्त्रिया अधिक निवडून आल्या. स्त्रियांच्या योग्यतेवर शंभर व्याख्याने देऊन जे साधले नसते ते एका सक्तीच्या नियमाने साधले. आपल्या महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक संस्थांतील निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. सरपंचबाईंच्या नावावर यजमानच कारभार हाकतात म्हणून ह्या तरतुदीची थट्टा करणारांनी बीरभूमचे आकडे पाहावे, आणि पहिल्या बाईस नव्हे तर तिसऱ्या बाईस पाहून मत द्यावे.

आता ज्या एका सुधारणेसाठी आम्ही हा लेख लिहावयास घेतला, तिच्याकडे वळू. सॉलोमन ॲश ह्या मानसशास्त्रज्ञाने १९५१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात कागदावरील रेघांपैकी कोणती दुसऱ्या एका रेघेइतकी लांब आहे, एवढे सोपे उत्तर विचारले होते. एकटा असता मनुष्य जवळजवळ कधीच चुकत नसे. परंतु भोवतालच्या सर्वांनी, पूर्वसंकेताप्रमाणे, मोठ्याने चुकीचे उत्तर दिले की, सुमारे तीनांतल्या एका वेळी तोही डोळ्यांनी दिसणारे सोडून त्यांचेच उत्तर देई. ह्याच प्रयोगाच्या दोन पोटभेदांकडे राज्यकर्त्यांनी लक्ष द्यावे. त्या घोळक्यात खरे बोलणारा एक जरी सोबती मिळाला, तरी हे दडपण एक चतुर्थांशावर येई. आणि उत्तर मोठ्याने न सांगता कागदावर लिहून देण्याची मुभा मिळाली, तरीही मनुष्य पुष्कळ अंशी मोकळा होई.

गुप्त मतदान ही ती कागदावर लिहिण्याची मुभा आहे. ती आपल्या घटनाकारांनी व पहिल्या निवडणूक आयोगाने मतदारास दिली. पण खेड्यातील मतदारापाशी ती आज अर्धीच उरली आहे. कागदी मतपत्रिकांच्या काळी निरनिराळ्या केंद्रांच्या मतपत्रिका मोजण्यापूर्वी एकत्र मिसळण्याची सोय नियमांत होती, त्यामुळे कोणत्या गावाने कोणास मत दिले ते कळत नसे. यंत्रे आल्यापासून प्रत्येक यंत्राचे आकडे वेगळे वाचले जातात व केंद्रवार प्रसिद्ध होतात. एका केंद्रावर फार तर हजार-बाराशे नावे; एखाद्या वाडीवर वा तांड्यावर याहूनही पुष्कळ थोडी. कोणत्या वस्तीने आपल्यास मत दिले नाही, हे निवडून आलेल्या गृहस्थास दुसऱ्या दिवशी सकाळी समजते, आणि ते समजणार आहे हे त्या वस्तीस मतदानाच्या आदल्या रात्रीच ठाऊक असते. व्यक्तीचे मत गुप्त, वस्तीचे उघड! ज्या देशात वस्ती म्हणजे बहुधा जात, तेथे ह्याचा अर्थ फोडून सांगण्याचे कारण नाही.

ह्यावर उपाय कठीण नाही. अनेक यंत्रांची बेरीज एकदम दाखविणारे टोटलायझर नावाचे साधन तयार आहे. ते वापरावे अशी सूचना निवडणूक आयोगाने २००८ साली केली, विधी आयोगाने २०१५ साली आपल्या २५५ व्या अहवालात तिला दुजोरा दिला. केंद्र सरकारने ती मान्य केली नाही. केंद्रवार आकडे कळल्याने आपण कोठे कमी पडलो हे पक्षांस समजते व तेथे त्यांस अधिक काम करता येते, असे कारण सुप्रीम कोर्टापुढे सांगण्यात आले. ह्या युक्तिवादाचा वकील हुशार आहे हे आम्ही मान्य करतो. पण तो कोणाचा वकील आहे हेही आम्हांस दिसते. कोणताही पक्ष सत्तेवर असता वस्तीवस्तीचा हिशेब हातचा जाऊ देण्यास नाखूष असणार, आणि विरोधात असता ह्या मागणीची त्यास आठवण राहणार नाही, कारण उद्या तो हिशेब त्यासही हवा असतो. म्हणून ही मागणी पक्षांकडून न येता मतदारांकडून आली पाहिजे. महाराष्ट्रातील प्रत्येक खासदारास त्याच्या मतदारांनी एकच प्रश्न लेखी विचारावा की, मतमोजणीत केंद्रांची बेरीज एकत्र करण्याचा नियम व्हावा असे आपले मत आहे की नाही. आणि आलेली उत्तरे, तसेच न आलेल्या उत्तरांची नावे, छापण्यास ह्या पत्राची जागा मोकळी आहे.